लंडनहून आईबाबांना घेऊन एका दिवसात कुठे जाऊन यावे?

प्रभादेवीकर:
मे महिन्याच्या अखेरीस आईबाबांना घेऊन आम्ही दहा दिवसांसाठी लंडनला बहिणीकडे जात आहोत. बाबा 71 वर्षांचे आहेत आणि आईचे गुडघे दुखतात. दादरचा पूल चढतानाही ती मध्ये एकदा थांबते. विंडसर, स्टोनहेंज आणि बाथ ही तिन्ही ठिकाणे एकाच दिवसात दाखवणारी बसची सहल स्वस्त पडते आहे. ती घ्यावी, की रेल्वेने आपले आपण जावे? बाबांना इतिहासाची आवड आहे. आईला वेळेवर चहा आणि टेकायला बाक मिळाला की पुरते.

बोरिवलीकर:
ती सहल घेऊ नये, असे मी अनुभवावरून सांगतो. सासूबाईंना आम्ही अशाच एका सहलीला नेले होते. बाथमध्ये जेमतेम दीड तास हाती होता, त्यातला बराचसा स्वच्छतागृहाच्या रांगेत गेला आणि रोमन स्नानकुंडाची वाफ दारातूनच पाहून आम्ही बसकडे धावलो. सासूबाई आजही त्या दिवसाला ‘बसदर्शन’ म्हणतात.

त्यापेक्षा एका दिवशी एकच गाव धरावे. लंडनच्या वॉटर्लू स्थानकाहून सुमारे दीड तासात सॉल्सबरी येते आणि तिथल्या स्थानकाबाहेरूनच स्टोनहेंजला जाणारी बस मिळते. तिथल्या प्राचीन उभ्या दगडांभोवती दोर बांधलेला असल्यामुळे एरवी त्यांच्यामध्ये शिरता येत नाही, हे बाबांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे विरस होणार नाही. परतल्यावर कॅथीड्रल मात्र चुकवू नका. त्याचा कळस 123 मीटर उंच, म्हणजे ब्रिटनमधला सर्वांत उंच आहे, आणि राजाच्या अधिकारांना मर्यादा घालणाऱ्या 1215 सालच्या मॅग्ना कार्टा या सनदेच्या उरलेल्या चार प्रतींपैकी एक तिथे जपलेली आहे. आत बसायला जागाही भरपूर आहे.

आईबाबा सगळीकडे बरोबरच फिरणार असतील, तर दोघांत मिळून एकच ‘टू टुगेदर’ रेलकार्ड काढावे. त्यावर तिकिटात एक तृतीयांश सवलत मिळते. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी ते चालत नाही, पण तुम्हाला तशी घाई नाहीच. आणि रविवारी निघण्याआधी वेळापत्रक अवश्य पाहावे, कारण मेगाब्लॉक ही केवळ आपल्या मध्य रेल्वेची मिरास नाही. तिथेही रविवारी रूळदुरुस्ती निघते आणि गाडीऐवजी बसमध्ये बसवतात. मेमधल्या शेवटच्या सोमवारी सार्वजनिक सुट्टी असते, त्यामुळे तो शनिवार-रविवारही गर्दीचा धरून चाला.

गिरगावकर:
सॉल्सबरी उत्तमच, पण बाबांना इतिहासाची आवड असेल तर मी ब्रायटनला पहिला क्रमांक देईन. लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकाहून तासाभराची गाडी आहे. तिथल्या रॉयल पॅव्हिलियनचे घुमट पाहून आपण इंग्लंडच्या किनाऱ्यावर आहोत की एखाद्या संस्थानिकाच्या वाड्यापुढे, असा क्षणभर प्रश्न पडतो. पहिल्या महायुद्धात याच राजवाड्यात जखमी हिंदी सैनिकांचे रुग्णालय होते. निरनिराळ्या धर्मांच्या आणि जातींच्या सैनिकांसाठी नऊ स्वयंपाकघरे आणि हिंदू-मुसलमानांसाठी पाण्याचे वेगळे नळ ठेवलेले होते. जे हिंदू आणि शीख सैनिक वाचले नाहीत, त्यांच्यापैकी 53 जणांचे दहन शहरामागच्या टेकड्यांवर झाले आणि त्याच जागी 1921 साली संगमरवरी ‘छत्री’ उभी राहिली. तिचा आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या वास्तुरचनाकाराचा आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाच्या बोलण्यात येत नाही.

छत्रीपर्यंत गाडी जात नाही, शेवटचा टप्पा कुरणांतून चढणीचा आहे, त्यामुळे आईंनी तो बेत सोडावा. किनाऱ्याबद्दलही एक सूचना: चौपाटीसारखी वाळू तिथे नाही, मुठीएवढे गोटे आहेत, आणि दुखऱ्या गुडघ्यांना त्यांच्यावर दहा पावलेही जड जातात. स्थानकाकडून समुद्राकडे उतार आहे, म्हणजे परतताना चढण लागणार. तेव्हा येताना बस घ्यावी.

प्रभादेवीकर:
दोघांचेही मनापासून आभार. बसची सहल रद्द केली आहे. ब्रायटन नक्की ठरले. छत्रीपर्यंत बाबा आणि मी जाऊन येऊ, तोवर आई बहिणीसोबत पॅव्हिलियनच्या बागेत बसेल. तिथे चहा मिळतो का, तेवढे कळवावे.

गिरगावकर:
बागेतच उपाहारगृह आहे आणि बाहेर उघड्यावर बसायची सोयही आहे. फक्त सीगल पक्ष्यांपासून बशी सांभाळायला आईंना सांगा. माझा अर्धा केक त्यांनी हातातून नेला होता.