अलास्कासाठी लिव्हर रायफल: .४५-७० की .४४४ मार्लिन?

धागाकर्ता (अँकरेज)
इकडे लिव्हर रायफल (घोड्याभोवतीचा दांडा खाली ओढून पुढचं काडतूस भरायची) घेऊन मूसच्या, म्हणजे थोरल्या हरणाच्या, शिकारीला जाणाऱ्या मराठी मंडळींसाठी धागा. काडतूस कोणतं, यावर माझं मत ठाम आहे: .४५-७०. हे काडतूस १८७३ साली अमेरिकी लष्करासाठी निघालं. नावातच हिशेब आहे, ०.४५ इंची गोळी आणि ७० ग्रेन (ग्रेन हे छोटं वजनमाप) काळी बंदुकीची दारू. गोळी ४०५ ग्रेनची, म्हणजे २६ ग्रॅमच्या वर. दाट झुडपांत वीस पावलांवर तपकिरी अस्वल उभं राहिलं तर मला वेग नको, वजन हवं. हाड फोडून खोल जाणारी गोळी हवी. .४४४ मार्लिन १९६४ मध्ये आलं ते २४० ग्रेनची गोळी घेऊन, .४४ मॅग्नम या पिस्तुली काडतुसाच्याच व्यासाची. पिस्तुलाच्या वेगासाठी बनलेली गोळी रायफलीतून सुटली की लवकर फुटते, ही तक्रार तेव्हापासूनची.

डेन्व्हरकर
तक्रार जुनी, आणि तिच्यावरचा इलाजही जुना. हॉर्नडी या गोळ्या बनवणाऱ्या कंपनीने पुढे २६५ ग्रेनची दणकट गोळी काढली. तुम्ही वजन सांगितलंत, वेग नाही सांगितला: .४४४ ची २४० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे २,३५० फूट, तर साध्या .४५-७० ची ४०५ ग्रेनची १,३०० च्या आसपास. दीडशे यार्डांवर एल्क (मोठं हरीण) असेल आणि अंतराचा अंदाज थोडा चुकला, तर तुमची गोळी पोटाखाली लागते. जनावर जखमी होऊन रानात मरतं. मला ते सहन होत नाही.

धागाकर्ता
साधी काडतुसं मवाळ आहेत त्याला कारण आहे. जुन्या, कमी दाब सोसणाऱ्या ट्रॅपडोअर रायफली अजून लोकांकडे आहेत, म्हणून दाबाची मर्यादा २८,००० पीएसआय (चौरस इंचावर पौंड) ठेवलीय. मार्लिन कंपनीच्या ‘१८९५’ या मजबूत लिव्हर रायफलीसाठी जोरदार भरणीची वेगळी काडतुसं मिळतात.

मोंटानातून
मला भीती वाटते ती याचीच! नाव एक, ताकदी दोन. आमच्या शेजारच्या आजोबांकडे ट्रॅपडोअर आहे. त्यांच्या नातवाने माझ्या खोक्यातली चार जोरदार काडतुसं उचलली होती, मी वेळेत पाहिलं म्हणून बरं. .४५० मार्लिन २००० मध्ये निघालं ते याचसाठी. बुडाशी रुंद पट्टा आहे, .४५-७० च्या नळीत ते बसतच नाही.

धागाकर्ता
उत्तम काडतूस, पण खेड्यातल्या दुकानात मागून बघा. .४५-७० मिळण्याची आशा तरी असते.

डेन्व्हरकर
कोणतंही घ्या, नवख्यांनी एक लक्षात ठेवा: नळीच्या मॅगझिनमध्ये (काडतुसं एकामागे एक ठेवायची नळी) टोकदार गोळी नको. तिचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला (बुडाशी असलेली, ठोक्याने पेटणारी टोपी) टेकतं, धक्क्याने आतच बार उडू शकतो. सपाट नाकाची घ्या, नाहीतर मऊ पॉलिमर टोकाची.

धागाकर्ता
हे शंभर टक्के. मोंटानावाल्यांचंही पटलं. आज रात्रीच खोक्यांवर लाल अक्षरांत ‘फक्त १८९५’ लिहून ती कुलपात ठेवतो. रायफल मात्र तीच.

डेन्व्हरकर
अस्वलासाठी ठेवा. एल्कला मी .४४४ च नेणार.