नाइलाजाचे लग्न आणि ‘निर्मळ प्रेम’ : या कौतुकाशी मी सहमत नाही

दिवेलागण

गेल्या महिन्यात आपण सर्वांनी मिळून वाचलेल्या त्या अनुवादित ऐतिहासिक प्रणयकादंबरीवर ‘पानोपानी’ यांनी काल लिहिले की, नाइलाजाने झालेल्या लग्नातून इतके निर्मळ प्रेम फुलताना पाहून मन भरून येते, आणि त्या काळी असेच होत असल्यामुळे त्यात वावगे काही शोधू नये. दोन ओळींचा प्रतिसाद देऊन थांबावे असा विचार होता, पण ते ‘त्या काळी असेच होत असे’ रात्रभर डोक्यातून गेले नाही, म्हणून स्वतंत्र धागा काढते आहे.

कथानक थोडक्यात असे : १८१७ सालचे यॉर्कशर, गळ्यापर्यंत कर्जात बुडालेले वडील, त्यांचे सगळे कर्जरोखे विकत घेऊन बसलेला शेजारचा जमीनदार, आणि कर्जमाफीच्या बदल्यात त्याच्याशी लावून दिलेली एकोणीस वर्षांची मुलगी. माझी तक्रार लग्न जबरदस्तीचे आहे ही नाही. जबरदस्तीवर उत्तम कादंबरी लिहिता येते. माझी तक्रार एका न लिहिलेल्या पानाबद्दल आहे.

नववे प्रकरण संपते तेव्हा नायिका जिन्यावरून उतरते आहे, खालून तिसऱ्या पायरीवर थांबली आहे, आणि तिचा हात कठड्यावर आहे. दहावे प्रकरण उघडते ते दुसऱ्या दिवशीच्या न्याहारीच्या टेबलावर, जिथे बोटातली अंगठी सैल असल्यामुळे घसरू नये म्हणून ती अंगठ्याने दाबून धरते आहे. मधले सगळे गायब आहे. इंग्लंडच्या चर्चमध्ये चालत आलेल्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकाप्रमाणे धर्मगुरू आधी वराला आणि मग वधूला सर्वांसमक्ष विचारतो, या पुरुषाचा तू पती म्हणून स्वीकार करतेस का. आणि तिच्या तोंडून होकार आल्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. म्हणजे त्या काळीही तिला विचारले जात होते. मग तो होकार तिच्या तोंडून कसा निघाला, निघताना आवाज फुटला की नाही, वडील कुठे पाहत होते, हे लेखिकेने दाखवायला नको होते का? नेमकी तीच जागा वगळायची आणि पुढची तीनशे पाने आमच्याकडून प्रेमाची दाद मागायची, हे मला पटत नाही.

पानोपानी

माझ्या चार ओळींवर एवढा मोठा लेख आला, त्याबद्दल आभार मानावेत की वाईट वाटून घ्यावे, हे मला कळत नाही. वाईट वाटले, हे मात्र खरे आहे.

या प्रकारच्या कादंबरीत लग्न सुरुवातीलाच होते आणि प्रेम मागाहून येते, हे ती हातात घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. जे लादले गेले ते निवडलेले कसे होते, हाच तिचा विषय असतो. नायक चोविसाव्या प्रकरणात सगळे कर्जरोखे तिच्यासमोर शेकोटीत टाकतो आणि सांगतो की तू मोकळी आहेस. ती मावशीकडे जाते, चार महिने राहते आणि स्वतःच्या पायांनी परत येते. तुम्ही जो होकार नवव्या प्रकरणात शोधता आहात, तो लेखिकेने अठ्ठाविसाव्या प्रकरणात ठेवला आहे, आणि तिथेच तो शोभतो.

दिवेलागण

ताई, वाईट वाटावे असा हेतू नव्हता. पण ‘तू मोकळी आहेस’ या वाक्याला त्या काळच्या इंग्लंडमध्ये काय किंमत होती, ते पाहू. विवाहित स्त्रीचे कायद्यासमोर वेगळे अस्तित्व जवळजवळ नव्हतेच. तिची मिळकत नवऱ्याची होती, आणि ती तिच्या हाती ठेवणारे कायदे यायला १८७० आणि १८८२ उजाडावे लागले. लहान मुलांचा ताबा मागण्याचा मर्यादित हक्क आईला मिळाला तो १८३९ साली. न्यायालयातून घटस्फोट घेण्याची सोय १८५८ पासून झाली, आणि त्याआधी पुनर्विवाहाची मुभा देणारा घटस्फोट हवा असेल तर संसदेकडून आपल्यापुरता स्वतंत्र कायदा करवून घ्यावा लागे. असे कायदे दीडशेहून अधिक वर्षांत सुमारे सव्वातीनशे झाले, आणि त्यांपैकी स्त्रीने मागून मिळवलेले अवघे चार. रोखे जाळले म्हणून लग्न जळत नाही. मावशीकडे ती राहिली तीही त्याची बायको म्हणूनच, आणि परत आली नसती तर आयुष्यभर त्याची बायको म्हणूनच एकटी राहिली असती.

शाईचा डाग

तुम्ही दोघीही एक मूलभूत गोष्ट विसरता आहात, आणि हे मी पहिल्या दिवसापासून सांगतो आहे. ते लग्न रात्री, मेणबत्त्यांच्या उजेडात, नायकाच्या दिवाणखान्यात लागले, आणि परवान्याचा उल्लेख पुस्तकभर कुठेही नाही. १७५४ पासून लागू झालेल्या विवाहकायद्याने लग्न चर्चमध्येच लागले पाहिजे असे ठरवले होते, आणि त्याआधी एक तर तीन रविवारी जाहीर घोषणा व्हायला हवी होती किंवा परवाना हवा होता. वेळही सकाळी आठ ते दुपारी बारा हीच होती. याहून वेगळ्या जागी किंवा वेळी लग्न लावायचे तर कँटरबरीच्या आर्चबिशपचा खास परवाना लागे. तो नसेल तर दिवाणखान्यातले लग्न मुळातच रद्दबातल ठरत होते, आणि जाणूनबुजून ते लावणाऱ्या धर्मगुरूला चौदा वर्षे हद्दपारीची शिक्षा होती.

ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्यांनी एवढे तरी पाहायला नको का? घोडे, झगे, नृत्याचे प्रकार यांवर पानेच्या पाने लिहायची आणि ज्या लग्नावर सगळा डोलारा उभा आहे तेच चुकीचे लावायचे, याची मला मनापासून चीड येते.

दिवेलागण

तुमच्या चिडीतून निघालेला अर्थ तुमच्या लक्षात आला का? तुमचे म्हणणे खरे असेल तर ती मुलगी कायद्याने त्याची बायको कधी झालीच नव्हती. पहिल्याच दिवशी अंगठी टेबलावर ठेवून ती निघून जाऊ शकली असती, आणि हे तिला सांगणारे त्या घरात कुणीही नव्हते.

रानवाटा

‘त्या काळी असेच होत असे’ याला उत्तर म्हणून एक खरी घटना सांगतो, कारण या कादंबरीचे बीज मला तिच्यातच दिसते. १८२६ साली एलन टर्नर नावाची, धनाढ्य गिरणीमालकाची पंधरा वर्षांची मुलगी लिव्हरपूलच्या शाळेत होती. एडवर्ड गिबन वेकफील्ड याने आई आजारी असल्याचा खोटा निरोप पाठवून तिला तिथून बाहेर काढले, आणि वाटेत सांगितले की वडिलांचे दिवाळे निघाले आहे व तू माझ्याशी लग्न केलेस तरच ते वाचतील. तिने वडिलांसाठी स्कॉटलंडच्या सीमेवर ग्रेटना ग्रीन इथे लग्न केले. तो तिला फ्रान्समध्ये कॅले बंदरात घेऊन गेला, तिथे तिचे काका येऊन पोहोचले आणि सारे खोटे उघडे पडले. १८२७ साली वेकफील्डला तीन वर्षांचा तुरुंगवास झाला आणि संसदेने ते लग्न रद्द केले.

म्हणजे या कादंबरीतली तीच सबब, तोच धाक; आणि समाजाने त्याला प्रेमकथा न म्हणता गुन्हा म्हटले. त्या काळच्या लोकांना हे कळत होते.

अबोली

रानवाटा, घटना खरी आहे, पण तुम्ही तिचा जो अर्थ काढता आहात तो मला मान्य नाही. एलनच्या मागे काका धावले, वकील धावले, संसद धावली, कारण तिच्या श्रीमंत वडिलांची लेक त्यांच्या परवानगीवाचून नेली गेली होती. वडिलांनीच हात धरून दिली असती तर कोण धावले असते? कादंबरीतली मुलगी वडिलांनीच दिली आहे. त्यामुळे ‘पानोपानी’ म्हणतात ते निदान एवढ्यापुरते खरे आहे की अशी लग्ने होत होती आणि त्यांची नोंद कुठल्याही न्यायालयात झाली नाही. हे मी आनंदाने म्हणत नाही.

पण मला मुळात बोलायचे आहे ते अनुवादाबद्दल, कारण अर्धा अन्याय तिथे झाला आहे. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून नायक तिला ‘तू’ म्हणतो आणि ती त्याला ‘अहो’ आणि ‘तुम्ही’ म्हणते. मूळ इंग्रजीत दोघांसाठी सर्वनाम एकच आहे. ही उतरंड अनुवादकाने घातली.

पानोपानी

अबोली, मला तर अनुवादातली तीच गोष्ट सर्वांत सुंदर वाटली! अठ्ठाविसाव्या प्रकरणात परत आल्यावर दारात उभी राहून ती पहिल्यांदा म्हणते, ‘तू जेवला नाहीस ना?’ तीनशे पाने ‘तुम्ही’ वाचल्यानंतर आलेल्या त्या एका ‘तू’ने माझ्या डोळ्यांत पाणी आले. हे इंग्रजीत शक्यच नाही. मराठीने त्या पुस्तकाला दिलेली ही देणगी आहे.

अबोली

देणगी नाही, परस्पर केलेला निवाडा आहे. तिने त्याला मनापासून स्वीकारले की नाही, हे मूळ लेखिकेने त्या वाक्यात मोकळे ठेवले होते. अनुवादकाने ‘तू’ लिहून तो प्रश्न तिच्या वतीने निकालात काढला. शिवाय त्या काळच्या इंग्रज उच्चकुलीन घरांत नवरा-बायको चारचौघांत एकमेकांना आडनावाने, आदरार्थी उपाधी लावून हाक मारत असत. त्याला मराठीत जवळचे म्हणजे दोघांनीही ‘तुम्ही’ म्हणणे. तसे केले असते तर तो दुरावा दोघांचा झाला असता. आता तो एकटीचा झाला आहे.

शाईचा डाग

‘दोघांनीही तुम्ही’ कानाला खटकले असते. नवरा बायकोला ‘तुम्ही’ म्हणतो हे वाचून वाचक गोंधळला असता.

अबोली

दिवाणखान्यातले लग्न खटकते आणि हे खटकत नाही? कायद्याची चूक तुम्हाला चूक वाटते, आणि भाषेने केलेली चूक वाचकाची सोय वाटते. खटकू द्यावे की वाचकाला! एकोणीस वर्षांची मुलगी अनोळखी माणसाच्या घरी आणून बसवली आहे, हे थोडे तरी खटकायला हवे.

रानवाटा

माझ्या आजीने आजोबांना बावन्न वर्षे ‘अहो’ म्हटले. शेवटच्या आजारात ते कुणाला ओळखेनासे झाले, तेव्हा भरवताना ती त्यांना ‘तू’ म्हणू लागली, लहान मुलाला म्हणावे तसे. ते जवळिकीचे होते की आता धाक उरला नाही म्हणून होते, हे मी तिला कधी विचारले नाही. त्यामुळे त्या दारातल्या ‘तू’वर पानोपानी ताईंइतका विश्वास ठेवणे मला जमत नाही, पण अबोली म्हणतात तसे ते खोटे ठरवणेही जमत नाही.

पानोपानी

आता मला थोडे स्वतःबद्दल लिहावे लागते आहे. माझे लग्न माझ्या मनाविरुद्ध झाले. मला पुढे शिकायचे होते, नकार दिला होता, आणि तरीही झाले. त्याला एकतीस वर्षे झाली. या माणसाबरोबर मी सुखात आहे, आणि ते सुख कुणी माझ्या गळी उतरवलेले नाही. इथे प्रत्येक जण सिद्ध करतो आहे की अशा लग्नातले प्रेम म्हणजे निरुपायाला दिलेले गोड नाव. ते वाचताना माझीच माया खोटी ठरवली जात असल्यासारखे वाटते. तो अधिकार तुम्हाला कुणी दिला? ही कादंबरी मला आवडली, कारण नाही म्हणूनही जिचे लग्न झाले तिच्या वाट्याला प्रेम येऊ शकते, असे सांगणारे दुसरे पुस्तक मला भेटले नव्हते.

दिवेलागण

ताई, तुमची माया खोटी ठरवण्याचा अधिकार मला नाही, आणि माझ्या लिहिण्याचा तसा अर्थ होत असेल तर मी माफी मागते. ‘निरुपाय’ हा शब्द मी वापरला नव्हता, पण मावशीच्या घराबद्दल लिहिताना रोख तोच होता, हे कबूल करते.

तरीही एक सांगते. तुम्ही नकार दिला होता, हे तुम्ही तीन शब्दांत लिहिलेत आणि ते वाचल्यापासून मला तुमची गोष्ट त्या कादंबरीपेक्षा अधिक खरी वाटते आहे. त्या नायिकेला लेखिकेने नकारही देऊ दिलेला नाही आणि होकारही देऊ दिलेला नाही. मला एवढेच हवे होते.

शाईचा डाग

सर्वनामांबद्दल अबोलींशी मी अजूनही सहमत नाही. पण आज नववे प्रकरण पुन्हा काढून पाहिले. साक्षीदार, धर्मगुरू, मेणबत्त्यांची संख्या, सगळे तिथे आहे. वधूचे एकही वाक्य नाही. परवान्याच्या शोधात मी ते प्रकरण तीनदा वाचले होते आणि माझ्या हे लक्षात आले नव्हते.

पानोपानी

मीही रात्री अठ्ठाविसावे प्रकरण पुन्हा वाचले. माझे मत बदललेले नाही. ते दारातले वाक्य मला आजही तिचा होकारच वाटते. पण एक गोष्ट आधी नजरेतून सुटली होती. मावशीच्या घरून ती ज्या बग्गीतून परत येते, ती तिने मागवलेली नव्हती. पत्राबरोबर ती त्याने पाठवली होती, आणि गाडीवान दोन दिवस फाटकाशी घोडे जुंपून थांबला होता. ‘स्वतःच्या पायांनी’ असे मी वर लिहिले आहे, ते माझ्या मनातले होते, पुस्तकातले नव्हते.