शब्दचर्चा : 'अफर्मेशन'ला मराठीत काय म्हणावं?

दारव्ह्याहून : मानसोपचार ओपीडीत समुपदेशनाचं काम करते. आत्मसन्मान पार खचलेल्या पेशंटला स्वतःबद्दलची चांगली वाक्यं रोज म्हणायला सांगतो, त्याला आमच्यात 'स्वसूचना' म्हणतात. इकडे सूचना म्हणजे ग्रामपंचायतीची, पाणीपट्टी भरा! परवा एका काकांनी विचारलंच, "कोनाची सूचना आली म्याडम?" दुसरा शब्द सुचवा.

अकोटहून : 'प्रतिज्ञा'?

दारव्ह्याहून : नको. शाळेत एका दमात म्हणून खाली बसायची गोष्ट ती.

हिंगणघाटहून : एमिल कुए या फ्रेंच औषधविक्रेत्याच्या पद्धतीला 'स्वसूचना' चपखल आहे. 'दिवसेंदिवस मी सर्व बाजूंनी बरा होतोय' हे 20 गाठींच्या दोरीवर, जपमाळ ओढल्यासारखं पुटपुटायचं. मनाला पटो न पटो, सूचना वरून येतच राहते. तुमच्या कामाला मी 'ग्वाही' म्हणेन. फारसी 'गवाह', म्हणजे साक्षीदार. 'मन ग्वाही देत नाही' असं आपण म्हणतोच. आणि गोम तिथंच आहे. मानसशास्त्रज्ञ जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये कॅनडातला प्रयोग छापला. आत्मसन्मान कमी असलेल्यांनी 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' हे घोकलं, तर न घोकणाऱ्यांपेक्षा त्यांनाच जास्त वाईट वाटलं. साक्षीदारच फितूर!

दारव्ह्याहून : अगदी! काकांना 'मी कर्तबगार आहे' म्हणायला सांगितलं तर हसले. "खोटं कायले बोलू बाप्पा? मायाच्यानं काई होत नाई." मग विचारलं, सकाळपासून काय केलं? बैलाले पानी दाखवलं, पऱ्हाटीत चार तासं डवरली (म्हणजे कपाशीच्या चार ओळी कोळपल्या). वहीत तेवढंच लिहिलं : 'आज म्या चार तासं डवरली.' हे मात्र त्यांनी न हसता वाचलं, दोनदा. (गोळ्या चालूच आहेत, वही त्यांच्या जागी नाही.)

वणीहून : 'ग्वाही' पेपरवाल्यांनी नासवलाय. 'पालकमंत्र्यांची ग्वाही' वाचून वाचून आता त्याचा अर्थ आश्वासन, तेही न पाळायचं. सरळ 'साक्ष' म्हणा ना. मूळ अर्थ तोच, आणि गावात सगळ्यांना कळतो.

हिंगणघाटहून : हरलो. पेपरापुढं व्युत्पत्ती टिकत नाही.

दारव्ह्याहून : वहीच्या पुठ्ठ्यावर 'साक्ष' लिहिलं. काकांनी उलटसुलट करून पाहिली. म्हणे, "कोर्टात तं न्या लागत नाई ना?"