बाळंतपणाच्या रजेवरून परत आले, पगार तोच पण काम काढून घेतलं. काय करता येईल?

चाकणजवळच्या एका कारखान्यात खरेदी विभागात सात वर्षं आहे. कायम नोकरी, कंपनीत दोनशेच्या वर माणसं. शेवटची तीन वर्षं चार जणांची टीम माझ्याकडे होती. पहिलंच बाळ, त्यामुळे २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली, त्याबद्दल तक्रार नाही. प्रसूतीच्या तीन आठवडे आधी रजा सुरू केली होती, म्हणजे लेक आता साडेपाच महिन्यांची आहे.

गेल्या सोमवारी रुजू झाले. माझ्या जागी 'तात्पुरता' आणलेला माणूस आता तिथे कायम झालाय. मला जुन्या पुरवठादारांच्या फायली स्कॅन करायला बसवलंय. टीम नाही, ऑर्डर मंजूर करायचे अधिकार नाहीत. एचआर म्हणाले, "मॅडम, पगार तोच, हुद्दा तोच. उलट बाळ लहान म्हणून हलकं काम दिलंय." इतकं गोड बोलले की मी चक्क थँक्यू म्हणून बाहेर आले! जिना उतरताना लक्षात आलं काय झालं ते.

साहेब तोंडी म्हणाले, "ओढाताण होत असेल तर राजीनामा द्या, वर्षभराने बघू." लेखी काहीच नाही.

पाळणाघर नाही. दूध काढायला स्टोअररूम दाखवली, तिला आतून कडी नाही. सासूबाई बाळाला सांभाळतात, पण दुपारपर्यंत माझा जीव नकोसा होतो.

पगार कमी केला नाही तर कायद्याने हे चालतं का? आणि मेल लिहायची तर कशी? नोकरी सोडायची नाहीये, घराचा हप्ता आहे.

प्रतिसाद:
आधी एक गोष्ट, राजीनामा अजिबात लिहून देऊ नका. 'वर्षभराने बघू'ला काडीची किंमत नाही, आणि स्वतःहून सोडलीत की नोकरीवरून काढलं असं म्हणणंच अवघड होतं.

१९६१च्या मातृत्व लाभ कायद्याचं कलम १२ आता २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत कलम ६८ म्हणून आलंय (संहिता नोव्हेंबर २०२५पासून लागू), ते वाचा. रजेवर असताना किंवा त्या रजेमुळे कामावरून काढता येत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच कलमात, रजेच्या काळात सेवाशर्ती बाईच्या तोट्याच्या होतील अशा बदलता येत नाहीत, असंही आहे. अधिकार आणि टीम काढणं त्यात बसतं का, यावर कंपनी वाद घालेल, म्हणून तुमचं नेमणूकपत्र, जुनी कामाची यादी, मंजुरीच्या मेल आत्ताच जमवा. त्या माणसाची कायम नेमणूक तुमच्या रजेत झाली असेल तर ती तारीख सोन्यासारखी आहे.

पाळणाघराचं मात्र वादाचं नाही. २०१७च्या दुरुस्तीनंतर ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी ते लागतंच, आणि दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावं लागतं. शिवाय मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत जेवणाच्या सुट्टीखेरीज दूध पाजायला दोन विश्रांती. आता लागू असलेल्या संहितेतही हे आहे.

प्रतिसाद:
मी यातून गेलेय. मेलमध्ये 'अन्याय', 'छळ' हे शब्द टाळले होते. "आज आपल्याशी झालेल्या बोलण्याप्रमाणे मला असं समजलं की..." अशी सुरुवात केली आणि तोंडी सांगितलेलं सगळं लिहून काढलं. खाली, "यात काही चुकत असल्यास कळवावे." ते नाकारतात किंवा गप्प बसतात, दोन्हीचा उपयोग होतो. साहेबांचं राजीनाम्याचं वाक्यसुद्धा घाला. मेलची प्रत घरच्या पत्त्यावर ठेवा, पण कंपनीच्या गोपनीय फायली उचलू नका, उलटं अंगाशी येतं. दाद मिळाली नाही तर कामगार आयुक्त कार्यालय.

धागाकर्ती:
दोघींचे आभार. काल रात्री बाळ झोपल्यावर मेल पाठवली, राजीनाम्याच्या वाक्यासकट. आज सकाळी अकराच्या आत स्टोअररूमला कडी बसली! बाकीच्या मुद्द्यांवर अजून एक अक्षर नाही. आठवडाभर वाट बघून आठवण पाठवू, की थेट कामगार आयुक्तांकडे जाऊ?