गुरू नानकांचं जुनं छापील चित्र: छपाई कुठली, बुरशीचं काय करायचं?

वेंगुर्ल्याचा_माळा: फ्रेमसकट चित्र आहे, साधारण १४ बाय २० इंच. झाडाखाली गुरू नानक, एका बाजूला रबाब घेतलेला मर्दाना, दुसऱ्या बाजूला मोरचेल ढाळणारा बाला. खालचा समास कापलेला, प्रकाशकाचं नाव गेलंय. काचेच्या आतून करडी बुरशी, एक कोपरा काचेला चिकटलाय. छपाई कशी ओळखायची? ओल्या फडक्याने पुसू का?

शिळाप्रेस: ओलं फडकं नकोच, जुना लाल रंग पाण्याने पसरू शकतो. दहापट भिंगातून गालाचा रंग बघा. सारख्या अंतरावरच्या ठिपक्यांची फुलं दिसली तर ऑफसेट, म्हणजे नंतरची यंत्रावरची छपाई. लहानमोठे, हाताने टोचल्यासारखे ठिपके असतील तर दगडावरची रंगीत छपाई. त्यात प्रत्येक रंगाला वेगळा दगड. दोन रंगांच्या मधल्या वेळात कागद ओल धरून ताणला की पुढचा रंग जागेवर बसत नाही, मग टोपीच्या कडेला गुलाबी-निळी झालर डोकावते. लाहोर-अमृतसरची लाकडी ठशांची चित्रं याहून जुनी: काळी रेघ ठशाची, रंग हाताने भरभर फासलेला, रेघेबाहेर गेलेला. लाहोरच्या कलाशाळेचे प्रमुख लॉकवुड किपलिंग यांनी जमवलेली अशी चित्रं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

कागदकिडा: विषयावरून काळ ठरवू नका. बाला-मर्दाना जनमसाखीच्या (गुरू नानकांच्या चरित्रकथा) हस्तलिखितांपासून चालत आलेत. मागे ‘जर्मनीत छापले’ असं सापडलं तरी लगेच १९१४ पूर्वीचं म्हणू नका, दोन महायुद्धांच्या मधेही तिकडून चित्रं छापून येत. ठिपकेच खरे.

शिळाप्रेस: +१

जांभा_चिरा: बुरशीचं बघू. पावसात फ्रेम उघडूच नका. दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की. तोंडाला मास्क, चित्र सावलीत वाऱ्यावर दोन-तीन दिवस. बुरशी पुरती वाळून भुकटी झाली की मऊ ब्रशने एकाच दिशेने, घराबाहेर झाडा. ओली असताना झाडली तर कागदात चोळली जाते. चिकटलेला कोपरा ओढू नका, रंग काचेवरच राहील. काचेसकट जतनतज्ज्ञाकडे न्या.

परत मढवताना मागची लाकडी फळी काढून आम्लरहित पुठ्ठा घाला (तपकिरी डाग बहुतेक त्या फळीचेच), काच आणि कागदात ३ मिमी फट ठेवा. पावसाच्या अंगाच्या चिऱ्याच्या भिंतीवर टांगू नका. आतल्या भिंतीवरही फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावा, हवा खेळते. आणि दुकानदार लॅमिनेशन सुचवेल, त्याला हो म्हणू नका. एकदा केलं की निघत नाही.