टचस्क्रीन नसतानाही दोन बोटांची चाचणी होते

पिंच-झूम, म्हणजे दोन बोटांनी स्क्रीनवरचं चित्र लहान-मोठं करणं, ॲपमध्ये नीट चालतं का हे तपासायला टचस्क्रीनच लागतो, असं म्हटलं जातं. लिनक्सवर तरी तसं नाही. कर्नलमधल्या (लिनक्सच्या गाभ्यातल्या) यूइनपुट या सोयीने सॉफ्टवेअरमध्येच नकली टचस्क्रीन तयार करता येतो. इनपुट डिव्हाइस हाताळणारं पायथनचं एव्हडेव्ह मॉड्यूल वापरलं तर छोट्या स्क्रिप्टमध्ये काम भागतं. ॲप्लिकेशनला हा टचस्क्रीन खऱ्या हार्डवेअरसारखाच दिसतो. मात्र डिव्हाइस बनवताना 'डायरेक्ट' (बोट थेट स्क्रीनवरच टेकतं असं सांगणारा) हा गुणधर्म नक्की लावा, नाहीतर तो टचपॅड समजला जाऊ शकतो.

खरी मेख स्लॉटमध्ये आहे. स्लॉट म्हणजे एका बोटाची माहिती ठेवायची जागा; प्रत्येक बोटाला एक स्लॉट. स्लॉट निवडायचा, ट्रॅकिंग आयडी (त्या स्पर्शाचा ओळख क्रमांक) द्यायचा, बोटाची एक्स-वाय जागा पाठवायची, दुसऱ्या बोटासाठी तेच, आणि शेवटी एकच सिंक, म्हणजे 'ही माहिती पूर्ण झाली' असा संकेत. बोट उचललं की त्या स्लॉटचा आयडी -१ करायचा. हे राहिलं तर ते बोट स्क्रीनवर टेकलेलंच राहतं आणि पुढच्या सगळ्या टेस्ट बिघडतात.

अँड्रॉइड एम्युलेटरमध्ये (संगणकावर चालणाऱ्या नकली अँड्रॉइड फोनमध्ये) कंट्रोल दाबून माऊस ओढला की पिंच होतं हे खरं, पण दोन्ही बोटं आरशातल्यासारखी समोरासमोर हलतात. एक बोट स्थिर, दुसरं फिरतंय, अशी केस तिथे तपासायची राहून जाते; बग तर तिथेच जास्त सापडतात.

कुणाकडे खरा टचस्क्रीन असेल तर लिनक्सवरच्या 'लिबइनपुट रेकॉर्ड' या कमांडने बोटांच्या हालचाली टिपून मागवा. 'लिबइनपुट रिप्ले'ने त्या तुमच्या मशीनवर जशाच्या तशा चालवता येतात. या कमांडना रूटचे, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य वापरकर्त्याचे, अधिकार लागतील.