कॅम्पर ट्रेलर घरच्या आवारात कसा हलवता? अनुभव लिहा

बावधनच्या आमच्या बंगल्यात एक छोटा कॅम्पर ट्रेलर आलाय, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायची, आत झोपायची सोय असलेली खोली. चाकं दोनच, वजन रिकामा असताना ६५० किलो. फाटकापर्यंत जीप आणते, पण बाजूच्या बोळात जीपसकट वळत नाही. मग सोडवायचा आणि हाताने ढकलायचा. सपाटीवर दोघांना जमतं. फाटकाच्या आतला चढ आणि पेव्हर ब्लॉक मात्र घाम काढतात. बोटीचा ट्रेलर, जनरेटरची ट्रॉली, काहीही हलवणाऱ्यांनी लिहा. 'चार पोरं बोलवा' हा सल्ला सोडून.

मुळशीकर
आधी चढ मोजा. १० फुटांत १ फूट चढ असेल तर ६५० किलोला नुसतं वर न्यायला ६५ किलोचा रेटा लागतो, चाकांचा विरोध वेगळाच. सपाट काँक्रीटवर हाच ट्रेलर १०-१५ किलोच्या रेट्यावर चालत राहतो. आमच्याकडे पाण्याची टाकी १०० लिटरची आहे, म्हणजे भरली की १०० किलो जादा. हलवण्याआधी ती रिकामी करतो, टायरमधली हवा बघतो आणि कोपऱ्यांचे स्टँड पूर्ण वर घेतो. निम्मं काम तिथंच होतं.

भोसरीतला फॅब्रिकेटर
पेव्हर ब्लॉकवर अडतं ते पुढचं छोटं जॉकी व्हील. कडक रबराचं असतं, सांध्यात नाहीतर चेंबरच्या जाळीत रुततं. मी गिऱ्हाइकांना हातगाडी बनवून देतो: हवेची दोन मोठी चाकं, मध्ये ५० मिमीचा बॉल (ट्रेलर जोडायचा लोखंडी गोळा), मागे लांब दांडा. ट्रेलरचं तोंड त्या बॉलवर बसवायचं. ६५० किलोच्या ट्रेलरचा तोंडावरचा भार साधारण ४०-६० किलो असतो, तो हातगाडीवर जातो आणि दांड्याने दिशा देता येते. घाईत असलात तर जॉकी व्हीलखाली जाड प्लायचे दोन तुकडे आलटून पालटून सरकवत न्या. आणि हो, या हातगाडीला ब्रेक नसतो. उतारावर ती वापरू नका, दांडा फिरून बरगडीत बसतो.

सहकारनगरची मी
मी एकटी हलवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. चढावर ढकलणं हा प्रकारच मी ठेवलेला नाही. गॅरेजच्या मागच्या आरसीसी कॉलमला जाड पट्टा गुंडाळते, त्याला हाताने फिरवायचा विंच (तार गुंडाळत ओढणारा रहाट) आणि त्याच्या तारेचा हुक ट्रेलरच्या चासीला. एकेक दात ओढत ट्रेलर वर येतो. प्रत्येक हातभर अंतराला चाकामागे पाचर सरकवते, कारण विंचचा दात निसटला तर तेवढीच आड असते. तार ताणलेली असताना तिच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही, ट्रेलरच्या खालच्या अंगाला तर नाहीच. आमचे वॉचमन मामा सुरुवातीला मदतीला म्हणून नेमके तिथंच येऊन उभे राहायचे! त्यांना आता पाचरीचं काम दिलंय, तेही बाजूने.
वळवायला ताकद लागत नाही. सपाटीवर एका चाकाला दोन्ही बाजूंनी पाचर मारा आणि पुढची दांडी आडवी ढकला. ट्रेलर त्या चाकाभोवती फिरतो. दांडी जितकी लांब तितकं हलकं जातं. तुमचा बोळ मला यानेच सुटेलसं वाटतं.

पिंपळे सौदागर
आम्ही मोटर मूव्हर बसवला. टायरला टेकणारे रोलर, १२ व्होल्टची बॅटरी, हातात रिमोट. महाग आहे आणि त्याचं स्वतःचं वजन ट्रेलरवर कायम राहतं. ओल्या टायरवर रोलर घसरतो. तरी सोसायटीच्या पार्किंगमध्ये खांबांच्या मधून इंच इंच काढायला दुसरं काही सुचलं नाही.

हडपसर, मूळ शिरूर
हे सगळं करण्याआधी जीपच्या पुढच्या बंपरला चासीतून आधार देऊन बॉल बसवून घ्या ना! ट्रेलर समोर दिसतो, मान मोडून मागे बघायला नको, आणि जीपची पुढची चाकं जवळ असल्याने अरुंद जागेतही नीट नेता येतो. गावाकडे ट्रॅक्टरवाले ट्रॉली अशीच पुढून ढकलताना पाहिलेत. आणखी एक, सामान मागे रचलं असेल तर गाडीपासून सोडवताच ट्रेलर उलाळ होऊन तोंड वर उचलतो. सोडवण्याआधी मागचं सामान उतरवा.

धागाकर्ता
ताई, पाचर मारून फिरवायचा प्रयोग रविवारी करतो. बॉलचंही विचारून ठेवतो. एक शंका: पावसाळाभर उभा राहणार आहे, हँडब्रेक ओढून ठेवू ना?

भोसरीतला फॅब्रिकेटर
नको. ओलीत ब्रेकशू ड्रमला चिकटतो, मग चाक सुटत नाही. सपाट जागी लावा, दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी पाचरी मारा आणि हँडब्रेक सोडून ठेवा. आधीच चिकटला असेल तर ड्रमवर लाकडी हातोड्याने हलके ठोके द्या, जीपने हिसके मारू नका.